समोरची खुर्ची

१२ जानेवारी

मापांच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. पुढून गिऱ्हाइकांच्या कंबरा, मागून माझं डोकं. निवडून आल्यापासून दिवसभर इतकं गोड बोलावं लागतं की खरं बोलायला कुठेतरी जागा हवी. नाहीतर एखाद्या दिवशी ते भर बैठकीत तोंडातून निघेल.

आज पहिली बैठक झाली. लांब टेबल, दोन्ही अंगांना पाच-पाच खुर्च्या, टोकाला अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे आपले फोटोवाले. उभा जन्म लोकांना “हलू नका” सांगण्यात गेला, तेच इथे सांगतात. आमच्या बाजूला ओढ्याच्या खालच्या वस्तीचे पाच, समोर वरच्या वस्तीचे पाच. कोणासमोर कोण बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. माझ्या वाट्याला आले दातांचे डॉक्टर. गावात दात काढणारा माणूस एकच, आणि वरच्यांचा पुढारीही तोच. इकडे माझी डावी दाढ आठवडाभर ठणकतेय. नशीब थट्टा करतं ती अशी.

जाता जाता कारकुनाने इथली एक रीत सांगितली. समोरचा आजारी असेल किंवा त्याच्या घरी कोणी गेलं असेल, तर मतदानाला आपणही हात खाली ठेवायचा. कोणाच्या तापामुळे गावाचा निकाल लागू नये म्हणून. मी विचारलं, “कुठे लिहिलंय हे?” तो म्हणाला, “कुठेच नाही, म्हणून तर पाळतात.” मला हसू आलं. भातुकलीचे नियम आणि बसलेत गाव चालवायला.

मी निवडून आले ती एका शब्दावर, पुलाच्या. ओढ्यावर पूल नाही, पाण्याचा मोठा पाइप आहे. शाळा, दवाखाना, स्टेशन सगळं पलीकडे, वरच्या वस्तीत, म्हणून आमची माणसं त्या पाइपवरून चालत जातात. माझी मुलगीसुद्धा. गेल्या वर्षी शेजारच्या पाववाल्याची बायको तिथून पडली. अजून कुबडी आहे. तिचं माहेर पलीकडच्या काठावर, खिडकीतून दिसतं, पण पडल्यापासून ती तिकडे गेलेली नाही. मतं मागायला गेले तेव्हा एवढंच म्हणाली, “पूल कराल ना?” मी हो म्हटलं. आता माघार नाही.

१९ जानेवारी

पूल पडला. म्हणजे बांधायच्या आधीच. पाच हात आमचे, पाच त्यांचे. बरोबरी झाली की अध्यक्ष आहे ते तसंच ठेवतात, म्हणजे पाइप.

यंदा पैसा एकाच कामापुरता आहे आणि वरच्यांना तो गटारासाठी हवाय. म्हणे जुनं गटार फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळतंय, म्हणे घरोघर कावीळ आहे. आमचे वखारवाले उठून म्हणाले, “कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं.” आम्ही सगळे हसलो, मी जरा जास्तच. वखारवाले आमच्यातले जुने. लाकडाचा धंदा मोठा, मनही मोठं. मी नुसता पायी जायचा पूल मागत होते, त्यांनीच सांगितलं की मागायचा तर ट्रक जाईल असा रुंद मागा, भीक मागताना वाटी लहान कशाला.

सुटल्यावर डॉक्टरांनी जिन्यात गाठलं. “बाई, पाच मिनिटं बोलू या का? पुलाचंच.” मी म्हटलं, बोलायचं ते टेबलावर. तर हळूच म्हणतात, “डावीकडची दाढ दिसते. एकदा येऊन जा. माझ्या खुर्चीत बसलेल्याला मी पक्ष विचारत नाही.” बघा कसा माणूस आहे. माझं तोंड उघडं, त्याच्या हातात चिमटा, आणि म्हणे पक्ष विचारत नाही.

२५ जानेवारी

लवंग धरून धरून जीभ बधिर झालीय. हे म्हणतात, “जाऊन काढून घे ना.” मी म्हटलं, त्या माणसापुढे तोंड वासण्यापेक्षा दाढेसकट मरेन.

हे दिवसभर वरच्या बाजूला होते. यांचं काम शिलाई मशिनं दुरुस्त करायचं, पण कोणी बोलावलं तर काहीही उघडून बसतात. आज म्हणे एका खुर्चीचं काम केलं, पायाने दाबली की वर-खाली होणारी, तेल गळत होतं. मी म्हटलं, न्हाव्याची असेल. हे नुसते हसले. चहापाणी तिकडेच झालं म्हणून घरी काही खाल्लं नाही.

जेवताना आपणहून म्हणाले, “पाइपचे दगडी खांब भक्कम आहेत. त्यांच्यावरच फळ्या टाकून दोन्ही बाजूंनी कठडा घातला तर? खर्च निम्म्याहून कमी.” मी विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून आलं? “असंच, बोलता बोलता,” म्हणाले. कठडा म्हणे. मी लोकांना पूल कबूल केलाय, कुंपण नाही.

२ फेब्रुवारी

डॉक्टरांना कावीळ झाली. दवाखान्यात ठेवलंय, महिनाभर तरी उठणार नाहीत म्हणतात.

बातमी घेऊन वखारवालेच दुकानात आले. स्टुलावर बसले, पडद्याच्या कापडाचा भाव विचारला, घ्यायचं नव्हतं तरी. मग म्हणाले, “आठ तारखेला पुलाचा ठराव परत आणतोय. समोर चारच आहेत.” मी म्हटलं, पण माझ्यासमोरची खुर्ची रिकामी असणार, ती रीत आहे ना. ते बघतच राहिले. “रीत? पाववाल्याच्या बायकोला सांगा जाऊन, रीत आड आली म्हणून.”

खोटं कशाला लिहू, बातमी ऐकली तेव्हा पहिल्यांदा आनंदच झाला होता.

५ फेब्रुवारी

आज फोटोवाले आले. कोटाचं अस्तर उसवलंय म्हणाले. अस्तर धडधाकट होतं. मी तसं म्हटल्यावर कोट परत अंगात घातला आणि दारातच उभे राहिले. “बाई, मी त्या टोकाला बसून बरीच भांडणं पाहिली. खुर्च्या उचलल्यात एकमेकांवर. पण आजाऱ्याच्या पाठीमागे कोणी हात वर केला नाही.”

“माझी पोर रोज त्या पाइपवरून जाते,” मी म्हटलं. “ती पडली तर तुमची रीत तिला झेलणार आहे का?”

ते कोटाची बटणं लावत निघून गेले. माझंच बरोबर असं त्या क्षणी वाटलं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही.

८ फेब्रुवारी

झाला. पाच विरुद्ध चार.

जे झालं ते तसंच लिहिते. समोरची खुर्ची कोणी हलवली नव्हती, कारकुनाने नेहमीसारखा पाण्याचा पेलासुद्धा तिच्यापुढे ठेवला होता. ठराव वाचला गेला. आमच्या बाजूचे चार हात गेले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी पेल्याकडे बघत हात वर केला. फोटोवाले म्हणाले, “बाई, हात वर आहे असंच समजू ना?” मला वाट करून देत होते, ते मला कळत होतं. मी म्हटलं, आहे.

वरच्यांनी आरडाओरडा केला नाही. कागद गोळा केले आणि निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अजून एक पायरी बाकी आहे. खर्चाचा ठराव पुढच्या महिन्यात पुन्हा टेबलावर येतो. तिथे जास्त हातांनी पाडला तर पडतो, नाहीतर कायम होतो. बरोबरी झाली तरी कायमच, कारण अध्यक्ष आहे ते ठेवतात. आम्ही पाच जण नुसते हजर असलो की झालं.

९ फेब्रुवारी

सकाळपासून दुकानात रीघ. पाववाल्याने ताजे पाव आणून ठेवले, पैसे घेईना. त्याच्या बायकोने खिडकीतून हात केला. माझे डोळे भरून आले. हे ज्याच्यासाठी केलं ते समोर दिसत होतं.

हे मात्र एक मशीन उघडून त्यात डोकं घालून बसले. विचारलं तेव्हा म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण केलंस.” एवढंच. मीही मग तोंडसुख घेतलं. लोक डोक्यावर घेतायत आणि घरचा माणूस तोंड पाडून बसलाय.

१५ फेब्रुवारी

यांचा रुसवा संपत नाही. आता जेवणावर काढलाय. ताट पुढे ठेवलं की म्हणतात, तोंडाला चव नाही. म्हटलं, मी केलेल्या स्वयंपाकाला की मी केलेल्या कामाला? जाऊन आडवे झाले. दुकानातली दोन मशिनं उघडी पडलीत, हात लावत नाहीत. मनातून इतका राग धरणारा माणूस नव्हता हा.

२० फेब्रुवारी

आज रस्त्यावरच्या दिव्यांची साधी बैठक होती. आमच्यातला गवंडी आला, डोळे सुजलेले, अंगात कालचाच शर्ट. काल त्याची आई गेली. कालच तिला पोचवून आज हा खुर्चीत. त्याच्यासमोरचा वरच्यांचा माणूस उठला आणि म्हणाला, “अरे, घरी जा. मी हात खाली ठेवतो, शब्द देतो.” गवंडी म्हणाला, “मागच्या महिन्यात गेलो असतो. आता कोणाच्या शब्दाचं काय खरं?”

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी काही बोलले असते. वखारवाले कानाशी म्हणाले, “शाबास, असे गडी पाहिजेत.” मला एकदम त्यांच्या तोंडाचा वास सहन होईना.

दाढ सुजून गाल वर आलाय.

२३ फेब्रुवारी

यांना म्हटलं, निदान बाहेर उन्हात बसा, चेहरा कसा झालाय. दिव्यात बघितलं तर डोळे पिवळट दिसले. आमचा दिवाच तसला आहे, मळका.

२६ फेब्रुवारी

दिवा नव्हता.

सकाळी मुलीने हाक मारली, “आई, बाबा उठत नाहीत.” उन्हात आणलं तर डोळे हळदीचे. मी रोज दोन वेळा त्या चेहऱ्यापुढे ताट ठेवलं, आणि रुसलाय म्हणत राहिले. माणसाला कावीळ झाली होती आणि मी त्याला टोमणे मारत होते.

दवाखाना समोर दिसतो, ओढ्याच्या पलीकडे. पण आजारी माणसाला पाइपवरून कसं नेणार? वखारवाल्यांकडे पोरीला पिटाळलं. त्यांचा निरोप आला, ट्रक आहे पण ड्रायव्हर नाही. शेवटी पाववाल्याने पावाची गाडी काढली, आतले ट्रे रस्त्यावर ठेवले आणि हायवेने लांबून वळसा घालून आम्हाला पोचवलं. सबंध वाटेत हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून होते आणि मला ओळखत नव्हते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “वरच्या बाजूचं पाणी प्यायलेत का कुठे?” मग स्वतःच म्हणाल्या, “हा अख्खा वॉर्ड त्याच पाण्याचा आहे.” मी वॉर्ड पाहिला. बायका, म्हातारे, शाळेतली पोरं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणून मी हसले होते, ते आठवलं. जीभ चावून घ्यावीशी वाटली.

४ मार्च

यांची शुद्ध येते आणि जाते. यकृताला सूज आहे म्हणतात, दोन-चार दिवस बघू म्हणतात. काय बघू, ते कोणी सांगत नाही. मी कॉटशेजारी बसून मुलीच्या गणवेशाला हातशिलाई करते, उसवते आणि पुन्हा करते.

आठ तारखेला दुसरी बैठक आहे. दातांचे डॉक्टर परवा घरी गेले, असं नर्स म्हणाली. म्हणजे ते येणार.

८ मार्च

दुपारी वखारवाले वॉर्डात आले. खाली गाडी उभी आहे म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, खुर्चीत बसायचं आणि परत यायचं. “तुम्ही नसलात तर चार विरुद्ध पाच. पूल गेला.”

मी विचारलं, “आज ड्रायव्हर आहे का?”

ते चपापले. मग म्हणाले, “बाई, रागलोभाची ही वेळ आहे का? लोकांना काय तोंड दाखवाल?” तेवढ्यात यांनी डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी माझं नाव घेतलं. हात शोधत होते. मी दिला.

“मी येत नाही,” मी म्हटलं.

ते गेल्यावर खिडकीतून ओढा दिसत होता आणि पाइपवरून शाळेतली पोरं एकामागे एक चालली होती. त्यात माझी होती. शेवटच्या खांबापर्यंत श्वास धरून बसले. आज संध्याकाळी पूल पडेल, आणि तो मीच पाडलेला असेल. डॉक्टरांना दोष द्यायला तोंड नाही. मी जे त्यांच्या माघारी केलं तेच ते माझ्या माघारी करतील. माझेच दात माझ्या घशात.

९ मार्च

पूल पडला नाही.

कारकून आला होता, यांच्यासाठी मोसंबी घेऊन. मी विचारायच्या आधीच सांगायला लागला. डॉक्टर काठी टेकत आले, अंगावर कपडे लोंबत होते. त्यांच्या माणसांनी घेरलं. म्हणाले, तिने तुमच्या आजारपणात हात वर केला, आज देव देतोय, घ्या. डॉक्टर म्हणाले, “तिने मोडली म्हणून रीत मोडत नाही. आपणही मोडली की मोडते.” आणि मतदानाच्या वेळी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले, शाळेतल्या पोरासारखे. त्यांच्याच बाजूच्या खानावळवाल्याने टेबलावर पेला आपटला. चार विरुद्ध चार. फोटोवाल्यांनी आहे ते तसंच ठेवलं. ठराव कायम.

“काही बोलले का माझ्याबद्दल?” मी विचारलं.

“बोलले ना. म्हणाले, बाईंची दाढ एव्हाना फार चिघळली असेल, त्यांना कोणीतरी माझ्याकडे पाठवा.”

मला रडू फुटलं. नर्स धावत आली, तिला सांगितलं दाढ दुखते. ते खोटंही नव्हतं.

१६ मार्च

यांना आज बसवलं. पेजेसारखं काहीतरी दोन चमचे प्यायले आणि म्हणाले, “तोंडाला चव नाही.” मी म्हटलं, रुसा हवं तितकं, पण प्या. ते हसले. तेव्हा मी उठले आणि तशीच डॉक्टरांकडे गेले.

अजून फार बसवत नाही म्हणून दिवसाला एकच पेशंट घेतात. मला खुर्चीत बसवलं आणि पायाने दाबून वर घेतलं. बघते तर खालच्या स्क्रूवर लाल दोरा गुंडाळलेला. तो दोरा माझ्या दुकानातला, आणि अशी गाठ जगात एकच माणूस मारतो. मी न्हाव्याची म्हटलं होतं.

बोलायला तोंड उघडलं तर त्यात त्यांनी कापूस कोंबला. मग स्वतः बोलत बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पाइपच्या खांबांवर फळ्या आणि कठडा, हे मी तुम्हाला जिन्यातच सांगणार होतो. निम्म्यात तुमची माणसं सुखाने पलीकडे येतील, उरलेल्यात माझं गटार होईल. माझ्या लोकांना अर्धासुद्धा पूल नकोय, तुमच्या लोकांना अर्धं गटार नको असेल. दोघांनाही शिव्या बसतील, तेवढी तयारी हवी. तुमचे हे म्हणाले होते, मी घरी विषय काढून बघतो.

मग म्हणाले, “रुंद पूल कोणाला हवाय ते मी सांगणार नाही, पाठीमागे बोलायची सवय नाही. नकाशात त्याचं दुसरं टोक कुठे निघतं ते फक्त बघून घ्या.” बघायची गरज नव्हती. ट्रक, रुंद रस्ता, वखारीचं फाटक. मला सगळं दिसलं आणि तोंडात कापूस असल्याने ओरडताही आलं नाही.

दाढ निघाली. मला माफी मागायची होती, पण अर्ध्या तोंडात भूल, ओठ हलेनात, नुसती लाळ गळली. डॉक्टरांनी रुमाल दिला. “भूल उतरल्यावर बोला, बाई. आत्ता कबूल केलेलं मी धरत नाही.”

भूल उतरल्यावर परत गेले आणि नीट बोलले. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी मला उजवीकडच्या दाढेबद्दल सांगायला घेतलं.

२२ मार्च

ठराव बदलायला मीच उभी राहिले. आधी फेब्रुवारीतल्या हाताबद्दल बोलले. म्हटलं, मी रीत मोडली, ती माझी चूक, आणि गवंड्याला आईचं दुःख घरी बसून करता आलं नाही तेही माझ्यामुळे. मग नवा ठराव वाचला. पायी जायचा कठड्याचा पूल, उरलेलं गटाराला.

वखारवाल्यांनी खुर्ची मागे ढकलली. “विकली गेलीस. एका दाढेत विकली गेलीस.” समोरून खानावळवाला म्हणाला, त्यांना एक फळीसुद्धा मान्य नाही, आणि डॉक्टरांनी बाहेर निघावं म्हणजे दाखवतो. दोन्ही बाजूंनी टेबलावर मुठी बसत होत्या. फोटोवाले उभे राहून “हलू नका, हलू नका” म्हणत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, आता खुर्च्या उचलतील.

शेवटी हात मोजले. माझा एक, डॉक्टरांसकट समोरचे चार. विरोधात वखारवाले, त्यांची दोन माणसं आणि खानावळवाला. राहिला गवंडी. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. त्याने हात खाली ठेवला तरी ठराव होत होता, पण मला त्याचा हात हवा होता, हे मला तेव्हाच कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

“रीत परत सुरू आहे का?” त्याने विचारलं.

“माझ्याकडून आहे,” मी म्हटलं.

“मग ठीक.” आणि त्याने हात वर केला.

दुकानावर येऊन पाहिलं तर कोणीतरी पाटीला शेण फासलं होतं. पाववाला पाणी घेऊन आला आणि आम्ही दोघांनी ती धुतली. मी म्हटलं, शब्द अर्धाच पाळला. तो म्हणाला, “अर्धा पाव चालतो, फक्त शिळा नको.”

११ ऑगस्ट

बरेच दिवस वही उघडली नाही. यांची तब्येत, गटाराचे खड्डे, लोकांची तोंडं. वखारवाले अजून बोलत नाहीत. पुढच्या निवडणुकीत मला पाडणार म्हणतात, पाडतीलही.

आज पूल सुरू झाला. पूल म्हणजे पाइपवर फळ्या आणि दोन्ही बाजूंना कंबरेएवढा कठडा. अरुंद इतका की समोरून कोणी आलं तर एकाला कठड्याला चिकटून उभं राहावं लागतं. आमच्याकडून मी आणि हे निघालो, पलीकडून डॉक्टर आले, आणि मध्यावर गाठ पडली.

मी कठड्याला टेकले. “या तुम्ही, वयाने मोठे.” तर ते समोरच्या कठड्याला टेकले. “छे, तुम्ही आधी.” कोणीच हलेना. दोन्हीकडे माणसं तुंबली. हे मागून म्हणाले, “मत घ्या आता, नाहीतर इथेच बरोबरी व्हायची.” लोक हसले.

तेवढ्यात माझ्या मागची माणसं बाजूला होऊ लागली. पाववाल्याची बायको येत होती. एका हातात कुबडी, दुसरा कठड्यावर. मी पोट आत घेतलं, डॉक्टरांनी काठी उभी धरली, आणि आमच्या दोघांमधून ती पुढे गेली. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती पायाखालच्या फळ्या बघत होती. मध्याच्या पुढे गेल्यावर तिने खाली बघायचं सोडलं. पलीकडच्या काठावर तिची आई दारात येऊन उभी होती.